स्फोटाचा व्हिडिओ, फूटपट्टी आणि पाचवा घात: ठाण्यातून प्रकल्प नोंदी

हे का सुरू केलं ते आधी सांगतो. २३ मे २०२४ ला डोंबिवली एमआयडीसीत स्फोट झाला त्या दुपारी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तासाभरात दहा व्हिडिओ आले आणि प्रत्येकाखाली एक आकडा, कुणी म्हणे इतके टन, कुणी म्हणे तितके. एकानेही हे कशावरून ते लिहिलं नव्हतं. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, वर्तकनगरला घरातच सेटअप आहे, रोज हजारो फ्रेम बघतो, तरी नुसत्या व्हिडिओवरून स्फोटाची ऊर्जा काढता येते का हे मला सांगता येत नव्हतं आणि ते डोक्यात राहिलं. यंदा भाची सई अकरावी सायन्सला आली, ती म्हणाली मामा आपण करून बघू. कुणाला असंच करायचं असेल तर आमचा वाया गेलेला वेळ तुमचा वाचावा म्हणून या नोंदी.

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

सुरुवात ट्रिनिटीपासून, म्हणजे १६ जुलै १९४५ ला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात झालेली पहिली अणुचाचणी. कारण एवढंच की तिच्या फोटोंवर वेळ आणि १०० मीटरची पट्टी दोन्ही छापलेलं आहे. हे फोटो १९४७ मध्ये खुले झाले आणि जी. आय. टेलर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने त्यांवरून ऊर्जा काढून १९५० मध्ये छापली. सूत्र एका ओळीचं आहे: हवेची घनता गुणिले त्रिज्येचा पाचवा घात, भागिले वेळेचा वर्ग. पुढे एक गुणक येतो पण तो १ च्या जवळ आहे म्हणून आम्ही १ च धरला. स्फोटाची ऊर्जा टीएनटी या स्फोटकाच्या वजनात सांगतात, एक किलोटन म्हणजे हजार टन टीएनटी, ४.१८४ लाख कोटी ज्यूल.

२५ मिलिसेकंदांचा फोटो ए-थ्रीवर प्रिंट करून आणला, ४० रुपये. फोटोत आगीचा गोळा जमिनीवर ठेवलेल्या घुमटासारखा दिसतो, सईने त्या घुमटाची उंची मोजली, मी पट्टी मोजली. त्रिज्या आली १३८ मीटर. हवेची घनता १.२५ धरून उत्तर २३.९ किलोटन. अधिकृत आकडा बरीच वर्षं २१ होता आणि २०२१ मध्ये लॉस अलामॉस या अमेरिकेच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेतल्या लोकांनी नव्याने काढून २४.८ दिला. आम्ही दोघं खुर्चीतून उठलोच. ताईला, भावजींना, माझ्या दोन कॅमेरामन मित्रांना, सगळ्यांना पाठवलं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

चूक सापडली. रात्री एडिट करताना तो फोटो मूळ फाईलमध्ये उघडा होता आणि प्रिंट बाजूला पडलेला, दोन्ही एकाच वेळी डोळ्यासमोर आले तेव्हा प्रिंटमधला घुमट जरा उभट वाटला. मोजलं तर प्रिंट उभ्यात ६ टक्के ताणलेला. झेरॉक्सवाल्याने कागद भरण्यासाठी फोटो ओढला होता, त्याला काय माहीत मी त्यावर पट्टी लावणार आहे, सांगायला मीच हवं होतं. १०० मीटरची पट्टी आडवी आणि त्रिज्या आम्ही उभी मोजलेली, म्हणून ताण सरळ उत्तरात शिरला.

खरी त्रिज्या १३० मीटर. टेलरच्या तक्त्यातही २५ मिलिसेकंदांना १३० च आहे. आता उत्तर १७.८ किलोटन. टेलरला स्वतःला सगळ्या फोटोंवरून १६.८ आलं होतं.

६ टक्क्यांच्या चुकीने उत्तर एक तृतीयांशाने फुगलं, आणि फुगून नेमकं अधिकृत आकड्याजवळ जाऊन बसलं, हे मला जास्त लागलं. उत्तर जुळलं म्हणून आम्ही मोजमाप परत तपासलंच नाही. ज्यांना पाठवलं होतं त्या सगळ्यांना दुरुस्ती पाठवली. इथून पुढे एक नियम केला: आडवं आणि उभं दोन्ही मोजायचं, दोन्ही जुळेपर्यंत कॅल्क्युलेटरला हात लावायचा नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

सईने विचारलं की १.२५ ही घनता समुद्रसपाटीची ना, ती जागा तर उंचावर आहे. बरोबर आहे तिचं, ट्रिनिटीची जागा साधारण १,५०० मीटर उंचीवर, आपलं माथेरान ८०० च्या आसपास म्हणजे जवळजवळ दुप्पट उंच. तिथे घनता १.०५ च्या आसपास. ती घातली तर उत्तर १४.९ किलोटन.

म्हणजे उत्तर सुधारायला गेलो आणि ते २४.८ पासून अजून लांब गेलं. संध्याकाळभर दोघं चुका शोधत बसलो, सापडली नाही, कारण ती आमच्या मोजण्यात नव्हतीच. हे सूत्र हवेला ढकलणाऱ्या ऊर्जेचं आहे. एवढ्या मोठ्या स्फोटात ऊर्जेचा बराच भाग प्रकाश आणि उष्णता होऊन निघून जातो, तो धक्क्याच्या लाटेत दिसत नाही, टेलरने स्वतःही याकडे लक्ष वेधलं आहे. शिवाय तो १ च्या जवळचा गुणक इतक्या तापलेल्या हवेला तसाच लागू पडत नाही. सई वहीत १७.८ ठेवू या म्हणत होती कारण ते जवळचं दिसतं. मी १४.९ लिहायला लावलं, बाजूला कारण.

१२ ऑक्टोबर, रविवार

लॉग-लॉग ग्राफ पेपर, म्हणजे दोन्ही अक्षांवर समान अंतराला आकडे दहापट होत जातात असा. हा शोधण्यात अर्धा दिवस गेला, जांभळी नाक्यावर चार स्टेशनरीवाले फिरलो, तिघांकडे साधा ग्राफ पेपर, चौथ्याने वरच्या फळीवरून धूळ झटकून जुना गठ्ठा काढला, ५ कागद ३० रुपये. घरी प्रिंट काढता आला असता पण परवाच्या प्रकारानंतर प्रिंटवर विश्वास राहिला नव्हता.

टेलरच्या तक्त्यातले बिंदू टाकले: ०.३८ मिलिसेकंदाला २५.४ मीटर, १.९३ ला ४८.७, ४.६१ ला ६७.३, १५ ला १०६.५, ६२ ला १८५. पट्टी ठेवली तर सगळे एका रेषेवर. चढ आला ०.३९, सिद्धांत म्हणतो ०.४, कारण त्रिज्येचा पाचवा घात वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणून दोन भागिले पाच. अगदी सुरुवातीचा ०.१ मिलिसेकंदाचा बिंदू, ११.१ मीटरचा, रेषेच्या बराच खाली राहतो, तिथे ही लाट अजून तशी जमलेली नसते, तो घेतला की चढ बिघडतो म्हणून सोडला. सोडला हे ग्राफवर लिहून ठेवलंय.

तुम्ही करणार असाल तर हा ग्राफ आधी काढा, आम्ही तिसऱ्या पायरीला काढला ते चुकलं. एका फोटोवरून येणारं उत्तर फसवू शकतं, रेषा लगेच सांगते की आपण योग्य वेळेत मोजतोय की नाही.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

फर्मीचा प्रयोग. एन्रिको फर्मी हा भौतिकशास्त्रज्ञ ट्रिनिटीच्या वेळी सुमारे १६ किलोमीटरवर उभा होता, स्फोटानंतर साधारण ४० सेकंदांनी धक्का पोचला तेव्हा त्याने हातातले कागदाचे कपटे सोडले, ते अडीच मीटर सरकले आणि त्यावरून त्याने १० हजार टन असा अंदाज दिला. अणुचाचणी आणि कागदाचे कपटे! अंदाज अर्ध्याच्या आसपास आला, पण मिनिटाभरात, हातात काहीही साधन नसताना.

सोसायटीच्या मैदानात मुलं सुतळी बॉम्ब लावतच होती, आम्ही १० मीटर लांब उभं राहून टिश्यू पेपरचे कपटे सोडले आणि बाजूने स्लो मोशनमध्ये शूट केलं. सात बार, सातही वेळा कपटा सरळ खाली. दोनदा हलला, पण तो बार फुटायच्या आधी, म्हणजे वाऱ्याने.

हे का होणार नाही ते आधी कळायला हवं होतं. मोठ्या स्फोटाचा धक्का पुरेसा लांब वेळ हवा ढकलत राहतो म्हणून कपटा वाहून जातो, फटाक्याचा धक्का काही मिलिसेकंदांत संपतो, तेवढ्यात कपट्याला जागचं हलायला वेळच मिळत नाही. दाबही किती, तर आपल्याकडे फटाक्याला ४ मीटरवर १४५ डेसिबल शिखराची कायदेशीर मर्यादा आहे, त्याचा दाब होतो ३५६ पास्कल, हवेच्या नेहमीच्या दाबाच्या अर्धा टक्काही नाही. एक संध्याकाळ गेली. त्यापेक्षा वाईट म्हणजे सातव्या बाराला एक छोटी मुलगी आमचं शूटिंग बघायला पुढे धावली, तिला आईने ओढून घेतलं. तिथेच थांबवलं. फटाक्यांवर प्रयोग करू नका, यातून मोजण्यासारखं काही मिळत नाही.

२२ ऑक्टोबर, पाडवा

संध्याकाळी तलावपाळीला गेलो, फटाके लावायला नाही, लांबून बघायला. उजेड आणि आवाज यातल्या फरकावरून अंतर काढायचं. समोरच्या काठावर एका ठिकाणी माळा लागत होत्या, नकाशावर अंतर १९० मीटर. हवा ३० अंश म्हणजे आवाजाचा वेग सेकंदाला ३४९ मीटर, तर फरक ०.५४ सेकंद, ३० फ्रेमच्या व्हिडिओत १६ फ्रेम यायला हव्यात.

आल्या १९. म्हणजे २२१ मीटर, ३१ मीटर जास्त.

हे माझ्या कामातलं आहे म्हणून लगेच समजलं. फोनमध्ये आवाज आणि चित्र एकत्र चालत नाहीत. घरी येऊन खाली पेव्हर ब्लॉकवर हातोडी मारली, फोन २ मीटरवर, दहा वेळा. आवाज दर वेळी चित्राच्या २ ते ३ फ्रेम मागे. तेवढ्या वजा केल्या की १६ ते १७, जुळलं. शूटिंगला आम्ही टाळी मारून सिंक करतो तेच हे, फक्त इथे एक फ्रेम चुकली तर अंतर ११.६ मीटरने चुकतं.

मग तोच व्हिडिओ सईने मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि फॉरवर्ड झालेल्या कॉपीत मोजलं तर १४ फ्रेम. फाईल लहान करताना मधल्या फ्रेम गळाल्या. डोंबिवलीचे जे व्हिडिओ माझ्याकडे होते ते सगळे असेच पाचव्या सहाव्या हाताने आलेले. त्या दिवशी ते फोल्डर बंद केलं.

२ नोव्हेंबर, रविवार

तुळशीचं लग्न लागलं की आमचं काम सुरू होतं, त्यामुळे इथून पुढे फक्त रविवार. आज बैरूत, लेबनॉनची राजधानी. ४ ऑगस्ट २०२०, बंदरातल्या गोदामात २,७५० टन अमोनियम नायट्रेट. दोनशेच्या वर माणसं गेली. मूळ दर्जाचा, स्थिर, शेजारचे धान्याचे सायलो दिसणारा व्हिडिओ घेतला. सायलो ४८ मीटर उंच, तीच आमची पट्टी.

पहिल्या फ्रेमला त्रिज्या साधारण ७५ मीटर, वेळ एक तीसांश सेकंद धरली, उत्तर ०.६ किलोटन. पुढे अर्ध्या सेकंदाला सुमारे ३२० मीटर, उत्तर ३.८. एका सेकंदाला ५२० मीटर, उत्तर १०.७. एकच स्फोट आणि ऊर्जा फ्रेमगणिक वाढतेय! सई म्हणाली मामा असं कसं, ऊर्जा कुठून येते आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

आठवडाभर जाता येता हाच विचार. ग्राफवर टाकलं तेव्हा दिसलं, नंतरच्या बिंदूंचा चढ ०.४ नाही, ०.७. टेलरचं सूत्र लाट आवाजाच्या कितीतरी पट वेगात असते तेव्हाचं आहे. बैरूतचा स्फोट ट्रिनिटीच्या मानाने लहान, सेकंदाच्या दहाव्या भागानंतर लाट मंदावत आवाजाच्या वेगाजवळ येऊ लागते आणि मग त्रिज्या जवळजवळ सरळ वेळेच्या प्रमाणात वाढते. पाचव्या घातात असली त्रिज्या घातली की उत्तर फुगतच जाणार.

म्हणजे कामाची एकच फ्रेम, पहिली. आणि तिथेच सगळ्यात मोठी अडचण, स्फोट फ्रेमच्या सुरुवातीला झाला का शेवटी ते कळत नाही. वेळ अर्धी फ्रेम इकडे तिकडे झाली तर ०.६ चं ०.२७ तरी होतं नाही तर २.४ तरी. पहिल्या दिवशी आम्ही हे ०.६ अगदी खात्रीने लिहिलं होतं.

अजून एक. तो पांढरा मोठा घुमट जो सगळ्यांना आठवतो तो आग नाही आणि धूरही नाही. लाटेमागे दाब एकदम पडतो, दमट हवेतल्या वाफेचे बारीक थेंब होऊन ढग होतो आणि थोड्या वेळात विरतो. समुद्रकाठ होता म्हणून इतका ठळक. आमच्या नंतरच्या मापांपैकी निम्मी त्या ढगाच्या कडेची निघाली. खोडली.

१६ नोव्हेंबर, रविवार

नवीन रस्ता: त्रिज्या सोडायची, धक्का कॅमेऱ्यापर्यंत पोचायला किती वेळ लागला ते बघायचं. धक्क्याची लाट सुरुवातीला आवाजापेक्षा जोरात जाते म्हणून ती नुसत्या आवाजाच्या आधी पोचते, किती आधी त्यावरून ऊर्जा. स्फोटाच्या वजनाच्या घनमुळाने अंतर आणि वेळ दोन्हींना भागायचं, याला हॉपकिन्सन-क्रान्झ नियम म्हणतात, तयार आलेख मिळतात. शेफिल्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकांनी टाकलेल्या व्हिडिओंवरून याच पद्धतीने काम केलं आणि ०.५ किलोटन हा सर्वात संभाव्य आकडा दिला, वरची मर्यादा १.१२.

आमच्या व्हिडिओत उजेडापासून धक्क्यापर्यंत २.१९ सेकंद. कॅमेरा कुठे होता ते नकाशावर शोधलं, १,००० मीटर. आवाजाला २.८७ सेकंद लागले असते, म्हणजे लाट ०.६८ सेकंद लवकर. उत्तर सव्वा किलोटन.

शेफिल्डच्या दुपटीहून जास्त, शंका आली. सायलोची डावी कड आणि मागची क्रेन व्हिडिओत एका रेषेत येतात, ती रेषा नकाशावर ओढली तर आम्ही धरलेल्या इमारतीतून जातच नव्हती, शेजारच्या इमारतीतून जात होती. खरं अंतर ९४० मीटर. लाट अर्धा सेकंद लवकर. उत्तर अर्ध्या किलोटनाजवळ.

६० मीटरची चूक आणि उत्तर अडीचपट, कारण इथे लवकर पोचण्याच्या वेळेचा घन होतो. बाल्कनी नेमकी कुठली ते अजून कळत नाही, ३० मीटर इकडे तिकडे धरले तर ०.२८ ते ०.८. वहीत एक आकडा नाही, हा पल्ला लिहिला.

या व्हिडिओबद्दल एक सांगायचं राहिलं. धक्का पोचतो त्या क्षणी कॅमेरा धरणाऱ्याच्या घरातून किंकाळी येते, मोजताना ती मला चाळीसेक वेळा ऐकावी लागली. नंतर आवाज बंद करून नुसत्या वेव्हफॉर्मवर, म्हणजे आवाजाच्या पडद्यावर दिसणाऱ्या आलेखावर, काम केलं. सईला हा व्हिडिओ मी आवाजासकट दिलेला नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

वरच्या मजल्यावरच्या काकांना कळलं आम्ही काय करतोय, ते म्हणाले आमच्या बाबांची नोकरी गोदीत होती, १४ एप्रिल १९४४ चं काढा ना. व्हिक्टोरिया गोदीतलं फोर्ट स्टिकीन जहाज, सुमारे १,४०० टन दारूगोळा आणि वर कापूस. दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाच्या आत दुसरा मोठा. काकांचे बाबा सांगायचे जळता कापूस आकाशातून पडत होता. जहाजात सोन्याच्या विटा होत्या हे तर मुंबईत अजूनही सांगतात. १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो यातच गेलेल्या जवानांसाठी.

फिल्म नाही, फ्रेम नाही. एकच गोष्ट हातात, १२ किलोमीटरपर्यंत काचा फुटल्याची नोंद. लांबवर दाब अंतराच्या प्रमाणात कमी होतो असं धरलं आणि काच कुठल्या दाबाला फुटते हा अंदाज दुप्पट इकडे तिकडे झाला तर वजन आठपट बदलतं. काच जाड का पातळ, खिडकी उघडी का बंद, त्या दिवशी वारा कुठून, काहीच माहीत नाही. काकांना सांगितलं की काचांवरून शे-दोनशे टनांपासून दीड-दोन हजार टनांपर्यंत काहीही निघतं, जहाजाच्या यादीतले टन त्यापेक्षा खूप भरवशाचे. ते थोडे नाराज झाले. पण दुसऱ्या दिवशी बाबांचा गोदीचा पास आणून दाखवला, पिवळा पडलेला, कडा जळक्या. सईने तो हातात धरला आणि बराच वेळ काही बोलली नाही.

३० नोव्हेंबर

काम नाही. दोन लग्नं, एक कल्याण एक बदलापूर.

७ डिसेंबर, रविवार

सईच्या वर्गातली ८ मुलं घरी आली. प्रत्येकाला ट्रिनिटीचा तोच फोटो, या वेळी न ताणलेला, आडवा उभा दोन्ही तपासून आणलेला, आणि एक पट्टी. एकमेकांचं बघायचं नाही. त्रिज्या आल्या १२२ पासून १३९ पर्यंत, ऊर्जा १०.९ पासून २०.८ किलोटन. एकच फोटो, एकाच टेबलावर, आणि जवळजवळ दुप्पट फरक.

सगळ्यांच्या पट्ट्या बघितल्या. कुणी खालच्या धुळीच्या झालरीपासून मोजलं, कुणी उजळ भागाची आतली कड धरली, कुणी मध्य नुसता डोळ्यांनी ठरवला. मग असं केलं: वरच्या कमानीच्या स्वच्छ कडेवर लांब लांब तीन बिंदू, ते जोडून दोन जीवा, दोन्हींचे लंबदुभाजक, जिथे छेदतात तो मध्य, तिथून त्रिज्या. नववीची भूमिती. धुळीकडे बघायचंच नाही. दुसऱ्या फेरीत १२८ ते १३३, ऊर्जा १३.८ ते १६.७. एका मुलाचे बिंदू फार जवळ जवळ होते म्हणून त्याचा मध्य भलतीकडे गेला, त्याने परत काढलं.

आजपर्यंतचा खर्च: प्रिंट सहा, त्यातले दोन वाया, २४० रुपये, ग्राफ पेपर ३०, टिश्यू आणि मुलांचे वडापाव धरून सगळं मिळून ५९० च्या आत. वेळ साधारण ४५ तास, त्यातले निम्मे चुका शोधण्यात. मुलांना ६२ मिलिसेकंदांचा फोटो घरी दिलाय, तीन बिंदूंनी मोजून पुढच्या रविवारी आणतील. तक्त्यातला आकडा त्यांना सांगितलेला नाही.